बारसूचा सडा व तेलशुद्धीकरण प्रकल्पाचा वाद

बारसूचा सडा : रत्नागिरी जिल्ह्याच्या राजापूर तालुक्यातील जांभ्या खडकाचे पठार. कातळशिल्पे, पावसाळी वनस्पती आणि २०२२ पासून येथे योजलेला तेलशुद्धीकरण प्रकल्प यांमुळे ते राज्यभर चर्चेत आले. बारसू, सोलगाव, देवाचे गोठणे, शिवणे, गोवळ, धोपेश्वर आणि पन्हळे या गावांचा परिसर वादाच्या संदर्भात एकत्र गणला जातो. सड्याला अभयारण्याचा किंवा राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा नाही. महसुली दप्तरात अशा जमिनीची नोंद बहुधा पोटखराबा किंवा पडीक अशी असते आणि केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात उघड्या कातळाला ‘ओसाड खडकाळ’ या वर्गात टाकलेले आहे. जांभ्याचाच माथा असलेले साताऱ्याचे कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा नोंदीत आले. कोकणातील कमी उंचीवरच्या सड्यांना मात्र असा दर्जा मिळालेला नाही. बारसूचा वाद समजून घेताना ही विसंगती आधी लक्षात घ्यावी लागते.

भूरचना व पाणी : सड्याचा वरचा थर कठीण कातळाचा, त्याखाली सच्छिद्र जांभा आणि त्याच्या तळाशी मऊ चिकण मातीचा थर अशी येथील सर्वसाधारण रचना आहे. जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. तो कातळाच्या भेगांतून आत मुरतो, मातीच्या थरावर अडतो आणि सड्याच्या कुशीला झऱ्यांच्या रूपाने बाहेर येतो. पायथ्याच्या वाड्यांच्या विहिरी, पऱ्ये (ओढे) आणि आंबा-काजूच्या बागा या पाण्यावर उभ्या आहेत. सडा सपाट करून त्यावर काँक्रीट घातले तर खालच्या गावांचे पाणी तुटेल, हा विरोधकांचा मुख्य भूशास्त्रीय मुद्दा आहे. त्याला सविस्तर शास्त्रीय उत्तर दिले जायला हवे होते.

वनस्पती : जून ते ऑक्टोबर या काळात कातळावरच्या बोटभर मातीत गेंद, सीतेची आसवे, दवबिंदू इ. वनस्पती उगवतात. शेवटच्या दोन कीटकभक्षी आहेत. कोकण-गोव्याच्या सड्यांपुरती मर्यादित असलेली कोकण दीपकाडी पहिल्या पावसानंतर फुलते. उन्हाळ्यात पाहणी करणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही.

कातळशिल्पे : सड्यावरील शिल्पांची माहिती गुराख्यांना व शेतकऱ्यांना पूर्वीपासून होती. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, सुरेंद्र ठाकूरदेसाई आणि ‘निसर्गयात्री’ संस्थेचे इतर कार्यकर्ते यांनी साधारणपणे २०१२ नंतर गावोगाव विचारपूस करून त्यांची पद्धतशीर नोंद केली. पुढे राज्य पुरातत्त्व विभागानेही त्यात लक्ष घातले. रत्नागिरी व सिंधुदुर्ग मिळून दीड हजारांहून अधिक आकृत्या नोंदल्या गेल्या आहेत.

कातळाचा पृष्ठभाग टोकदार हत्याराने टिपून काही सेंटिमीटर खोल रेषा काढणे, हे या शिल्पांचे तंत्र. बारसूच्या प्रमुख शिल्पात मध्ये एक उभी मानवाकृती आणि तिच्या दोन्ही बाजूंना झेपावणारे दोन वाघ आहेत. मोहेंजोदडोच्या एका मुद्रेवर दोन वाघांना थोपवणारा पुरुष आहे, त्याच्याशी या शिल्पाची तुलना केली जाते. मात्र दोहोंचा प्रत्यक्ष संबंध सिद्ध झालेला नाही. परिसरात मासे, पक्षी आणि उलगडा न झालेल्या भौमितिक आकृत्या आहेत. आकृती संपूर्ण पाहायची तर उंचावरूनच पाहावी लागते. शेजारी उभे राहिल्यावर पायाशी फक्त एक वळणारी चर दिसते. पावसाळ्यात तिच्यात पाणी साचते, नंतर माती व गवत भरते आणि ती झाडून काढल्याशिवाय रेषा सापडत नाही. देवाचे गोठणे येथील मानवाकृतीजवळ होकायंत्राची सुई विचलित होते, असे निरीक्षण आहे. जांभ्यात लोहाचे प्रमाण मोठे असल्याने तसे होत असावे.

शिल्पांच्या काळाबद्दल मतभेद आहेत. मध्याश्मयुगापासून आरंभीच्या ऐतिहासिक काळापर्यंतचे अंदाज मांडले जातात. शेतीची किंवा पाळीव जनावरांची चित्रे जवळजवळ नसल्याने ती शिकारी-संकलक समाजाची असावीत, असे अनेक अभ्यासकांना वाटते. मार्च २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या वारसा यादीत कोकणातील नऊ स्थळे समाविष्ट झाली : रत्नागिरीतील उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू व देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातील कुडोपी आणि गोव्यातील फणसायमळ. शिल्पांना सर्वांत जुना धोका चिरेखाणींचा, म्हणजे जांभ्याचे चिरे काढणाऱ्या खाणींचा आहे. रिफायनरीच्या चर्चेत तो विसरला जातो, हे योग्य नाही.

प्रकल्प : इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम व हिंदुस्थान पेट्रोलियम यांनी २०१७ मध्ये ‘रत्नागिरी रिफायनरी अँड पेट्रोकेमिकल्स लि.’ ही कंपनी स्थापन केली. वर्षाला ६ कोटी टन क्षमता आणि सुमारे ३ लाख कोटी रुपयांची गुंतवणूक, असा मूळ आराखडा होता. २०१८ मध्ये सौदी अराम्को आणि अबू धाबीची ॲडनॉक यांनी भागीदारीचे करार केले. पहिली जागा राजापूर तालुक्यातील नाणार व लगतची गावे ही होती. ग्रामसभांचे ठराव, मुंबईकर चाकरमान्यांचे मोर्चे आणि मच्छीमारांचा विरोध यांमुळे आंदोलन वाढले. मार्च २०१९ मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली.

जानेवारी २०२२ मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून बारसू येथील सुमारे १३,००० एकर आणि तेल उतरवण्यासाठी नाटे येथील २,१४४ एकर जागा सुचवली. जमिनीचा मोठा भाग ओसाड असल्याचे त्यात नमूद होते. आपले सरकार गेल्यानंतर ठाकरे यांनी प्रकल्पग्रस्तांची बाजू घेतली, तर त्यांच्याच पक्षाचे राजापूरचे तत्कालीन आमदार राजन साळवी यांनी प्रकल्पाला पाठिंबा दिला. जमिनी आधीच बाहेरच्या खरेदीदारांनी घेतल्याचे आरोप नाणार व बारसू या दोन्ही ठिकाणी झाले.

आंदोलन : ६ फेब्रुवारी २०२३ रोजी राजापूर येथे पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीला मोटारीने धडक दिली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. ते रिफायनरीविषयी सातत्याने लिहीत होते. या प्रकरणी खुनाचा गुन्हा दाखल होऊन एकाला अटक झाली.

एप्रिल २०२३ च्या अखेरच्या आठवड्यात सड्यावर माती परीक्षणासाठी छिद्रे घेण्याचे काम पोलीस बंदोबस्तात सुरू झाले. जमावबंदी लागू होती. महिला रस्त्यावर आडव्या झाल्या, अनेकांना ताब्यात घेण्यात आले आणि २८ एप्रिलला अश्रुधूर वापरला गेला. लाठीमार झाल्याचे आंदोलकांचे म्हणणे सरकारने नाकारले. कातळशिल्पांच्या जागा प्रकल्पातून वगळू, असे आश्वासन सरकारकडून देण्यात आले. परंतु शिल्पे सुटी नाहीत. ती त्या कातळाचाच भाग आहेत आणि भोवती कारखाना उभा राहिल्यावर कुंपणातल्या चौकटीत राहिलेल्या शिल्पाचा सड्याशी, पाण्याशी व माणसांच्या वाटांशी असलेला संबंध उरत नाही. ६ मे रोजी ठाकरे यांनी बारसूला भेट दिली. २०२३ नंतर रिफायनरीचे प्रत्यक्ष बांधकाम सुरू झालेले नाही.

रोजगार : समर्थकांचा मुख्य मुद्दा, कारण तालुक्यातून मुंबईकडे होणारे स्थलांतर जुने व मोठे आहे.

मासेमारी : साखरीनाटे हे परिसरातील प्रमुख बंदर. जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनातही तेथील मच्छीमार पुढे होते.

इतरत्र : बारसूला तेल उपसायचे नव्हते, शुद्ध करायचे होते. प्रत्यक्ष तेलविहिरींचा वाद भारतात आसामच्या दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यानाभोवती आहे. उद्यानालगतच्या बागजान येथील ऑइल इंडियाच्या विहिरीतून २७ मे २०२० रोजी वायूचा स्फोटक उद्रेक झाला, ९ जूनला तिने पेट घेतला आणि ती नोव्हेंबरमध्ये पूर्ण बंद झाली. इक्वादोरच्या यासुनी उद्यानातील तेलउत्खनन थांबवण्याच्या बाजूने तेथील मतदारांनी ऑगस्ट २०२३ मध्ये कौल दिला. अलास्काच्या आर्क्टिक वन्यजीव आश्रयस्थानाचा किनारी पट्टा १९८० पासून वादात असून २०१७ च्या कायद्याने तो तेलउत्खननाच्या भाडेपट्ट्यांसाठी खुला झाला. या तिन्ही ठिकाणी संरक्षण आधी होते आणि ते शिथिल करावे का, हा प्रश्न होता. बारसूच्या सड्याला मात्र मुळात संरक्षणच नाही.

संरक्षणाचे मार्ग : जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ३७ नुसार राज्य सरकार स्थानिक संस्थांशी सल्लामसलत करून जैवविविधता वारसा स्थळ घोषित करू शकते. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातील बांबर्डे येथील जायफळवर्गीय वृक्षांच्या दलदलीला असा दर्जा मिळाला आहे. सड्यासाठी हा मार्ग वापरायचा तर ग्रामपंचायतींच्या जैवविविधता नोंदवह्यांत कातळावरील वनस्पती, झरे व शिल्पे यांची पावसाळ्यात केलेली नोंद असावी लागेल आणि महसुली दप्तरातील ‘पडीक’ या नोंदीचा फेरविचार करावा लागेल.