नदीकाठी कोण उभे होते?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची पांढुर्ण्याची गोटमार ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिची कथा नव्याने सांगायला नको. जाम नदीच्या पात्रात रोवलेले पळसाचे झाड, त्यावर झेंडा, एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव आणि मधे दगडांचा वर्षाव. या खेळात माणसे जखमी झाली, काहींचे प्राणही गेले. त्याचे कौतुक मला करायचे नाही. पण लहानपणापासून एक गोष्ट मात्र मनात राहिली आहे. संध्याकाळी झेंडा कोणी काढला, याबद्दल खोटे बोलायची सोय कोणालाच नसते. दोन्ही काठांवर हजारो माणसे उभी असतात. ज्याने पाहिले तो घरी जाऊन सांगतो, आणि दोन्ही गावांचे सांगणे जुळते.

माझे आजोबा पांढुर्ण्याला कापसाच्या जिनिंगमध्ये दिवाणजी होते. १९६२ साली मी दहा-अकरा वर्षांचा होतो. नागपूरहून आगगाडीने मराठी वर्तमानपत्र येई, ते आजोबा ओसरीवर मोठ्याने वाचत. रेडिओवर दिल्लीच्या हिंदी बातम्या लागत. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली आणि नागपूर तिकडे गेले, आम्ही मध्यप्रदेशात राहिलो. तेव्हापासून आमच्या घरात प्रत्येक मोठी बातमी दोनदा येई, एकदा हिंदीतून आणि एकदा मराठीतून. पुढे इतिहासाचा विद्यार्थी झालो, तरी निवडणुकीतील परराष्ट्रधोरणाच्या दाव्यांचे काय करायचे, हा प्रश्न मला पहिल्यांदा त्या ओसरीवरच पडला.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार समोरासमोर उभे राहून वाद घालतात आणि त्यात परराष्ट्रधोरणावर जे बोलले जाते त्याची दुसऱ्या दिवशी शहानिशा होते. आपल्याकडे राष्ट्रपती थेट लोकांच्या मतांनी निवडला जात नाही, आणि असे वादही होत नाहीत. पण परराष्ट्रधोरण हाच मुख्य मुद्दा असलेली एक निवडणूक आपल्या मराठी मुलखात झाली आहे. ती म्हणजे फेब्रुवारी १९६२ ची उत्तर मुंबईची. एका बाजूला संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन, दुसऱ्या बाजूला आचार्य जे. बी. कृपलानी.

कृपलानींनी एप्रिल १९६१ मध्येच लोकसभेत मेनन यांच्यावर कडक आरोप केले होते. सैन्यात गटबाजी माजवली, जवानांचे मनोधैर्य खचवले, गरीब देशाचा पैसा वाया घालवला आणि चिनी आक्रमणाकडे दुर्लक्ष केले, असे ते म्हणत. मेनन यांच्या बाजूचे म्हणणे असे की, देशाचे संरक्षण योग्य हाती आहे आणि खरा धोका पाकिस्तानचा आहे. पंडित नेहरूंनी स्वतः प्रचारात उतरून मेनन यांचा पराभव म्हणजे आपल्या धोरणाचा पराभव, असे सांगितले. मेनन एक लाखाहून अधिक मतांच्या फरकाने निवडून आले.

आमचे थोरले काका तेव्हा मुंबईच्या उपनगरात नोकरीला होते. त्यांनी मेनन यांना मत दिले. त्यांचे पत्र आले ते आजोबांनी ओसरीवर वाचून दाखवले. त्यातला आशय आठवतो. ज्याने गोवा सोडवला, त्याला मत देणे आपले कर्तव्य आहे, असे काकांनी लिहिले होते.

गोव्याची गोष्ट खरीच होती. १८ आणि १९ डिसेंबर १९६१ या दोन दिवसांत पोर्तुगिजांची साडेचारशे वर्षांची सत्ता संपली. ती संपली की नाही, हे मराठी माणसाला कोणी सांगावे लागत नव्हते. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या हद्दीवर सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या, तेव्हा त्यात महाराष्ट्रातले लोक होते. मुंबईत गोमंतकीयांची वस्ती मोठी. कोणाचा भाऊ म्हापशाला, कोणाची बहीण मडगावला. म्हणजे गोव्याच्या दाव्याच्या दोन्ही काठांवर आपली माणसे उभी होती. दावा तपासला गेला आणि खरा ठरला.

घोटाळा झाला तो पुढे. गोव्याच्या खऱ्या दाव्याची पत चीनच्या दाव्याला उसनी मिळाली. ज्याने हे करून दाखवले तो तेही सांभाळील, असे काकांसारख्या लाखो सुबुद्ध माणसांनी मानले. पण अक्साई चीनच्या काठावर कोण उभे होते? तिथून चीनने केलेला रस्ता १९५७ साली पुरा झाला. भारत सरकारने त्याबद्दल चीनकडे निषेध नोंदवला ऑक्टोबर १९५८ मध्ये. लोकसभेला मात्र नेहरूंनी ही गोष्ट सांगितली ती २८ ऑगस्ट १९५९ रोजी. मधले दहा महिने देशाला काही माहीत नव्हते. त्या भागात गवताचे पातेही उगवत नाही, असे नेहरू त्याच वर्षी संसदेत म्हणाले, तेव्हा ते खोटे बोलत नव्हते; पण जमीन नापीक आहे आणि जमीन आपली आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २१ ऑक्टोबर १९५९ रोजी लडाखमध्ये चिनी सैन्याच्या गोळीबारात आपले पोलीस मारले गेले. तो दिवस आजही पोलीस स्मृतिदिन म्हणून पाळला जातो.

नेहरूंच्या बाजूने सांगायचे तर, सप्टेंबर १९५९ पासून त्यांनी चीनशी झालेला पत्रव्यवहार श्वेतपत्रिकांतून संसदेपुढे ठेवला. इतका उघडेपणा फार थोड्या सरकारांनी दाखवला आहे. पण श्वेतपत्रिका इंग्रजीत होत्या आणि त्यांत पत्रे होती. सीमेवरच्या जवानाजवळ थंडीचे कपडे किती, तोफा किती, रसद पोचते की नाही, हे त्यांत नव्हते. नोव्हेंबर १९६१ मध्ये पुढे सरकून चौक्या उभारायचे ठरले, त्याला लागणारी तयारी आपल्याजवळ आहे काय, हा प्रश्न बंद दाराआड राहिला. नेमका तोच प्रश्न उत्तर मुंबईच्या मतदारापुढे होता, आणि तोच त्याला तपासता येत नव्हता.

ही अडचण आपलीच आहे असे नाही. अमेरिकेतही १९६० साली हेच झाले. क्षेपणास्त्रांच्या बाबतीत रशिया आपल्या पुढे गेला आहे, असे केनेडी प्रचारात सांगत राहिले. निवडून आल्यावर, फेब्रुवारी १९६१ मध्ये, त्यांचेच संरक्षणमंत्री मॅकनमारा यांनी पत्रकारांजवळ सांगितले की तशी काही तफावत नाही. दुसऱ्या बाजूची गोष्ट त्याहून चमत्कारिक. २१ ऑक्टोबर १९६० च्या चौथ्या वादात निक्सन यांनी, क्यूबातल्या निर्वासितांना कास्ट्रोविरुद्ध मदत करावी ही केनेडींची सूचना धोकादायक आणि बेजबाबदार ठरवली. वास्तविक अशी गुप्त योजना त्यांच्याच सरकारने आखली होती आणि निक्सन तिचे पुरस्कर्ते होते. गुपित राखण्यासाठी आपण मनात असलेल्याच्या उलट बोललो, हे त्यांनी १९६२ साली आपल्या पुस्तकात स्वतःच लिहिले. समोर प्रतिस्पर्धी, समोर पत्रकार, कोट्यवधी प्रेक्षक. तरीही त्या रात्री खरे काय ते ऐकणाऱ्याला कळले नाही.

याच्या उलट १९७६ चे उदाहरण पाहावे. ६ ऑक्टोबरच्या वादात राष्ट्राध्यक्ष फोर्ड म्हणाले की पूर्व युरोपवर रशियाचे वर्चस्व नाही. हे विधान त्यांच्यावर उलटले, आणि नोव्हेंबरात ते निवडणूक हरले. हरण्याची कारणे इतरही होती. पण हे विधान लगेच पकडले गेले, याचे एक कारण साधे होते. अमेरिकेत पोलंडहून, हंगेरीहून आलेली लाखो कुटुंबे होती. त्यांचे नातेवाईक तिकडे राहत होते. त्यांना कोणी तज्ज्ञ लागला नाही. त्या नदीच्या काठावर त्यांची माणसे उभी होती.

आता पुन्हा आमच्या ओसरीवर येतो. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने हल्ला केला. त्या वर्षी दिवाळी आठवड्याभरानेच आली, आणि तवांग गेल्याची बातमी दिवाळीच्या आधी आली. मला आठवते ते आजोबांचे बातम्या ऐकणे. हिंदीत ऐकलेले वाक्य ते मराठीत म्हणून पाहत. ‘सेना पीछे हट आई’ असे कानांवर पडले की ते म्हणत, ‘मराठीत याले माघार म्हणतात.’ घरात कोणी बोलत नसे. सणाच्या सुट्टीला आलेले काकाही गप्प होते. आजोबांनी त्यांना एकदाच विचारले, ‘गोटमारीत कोण जिंकलं, हे नदीवर जाऊन पाह्यता येते. तिथं कोण गेलं होतं पाहाले?’ काकांनी उत्तर दिले नाही. आजोबांनीही त्यांना दोष दिला नाही.

सौंसरला माझे आजोळ. तिकडच्या आजीने राष्ट्रीय संरक्षण निधीत आपल्या पाटल्या दिल्या. तेव्हा देशभर बायकांनी असेच दागिने दिले. नोव्हेंबरात मेनन मंत्रिमंडळातून गेले, आणि यशवंतराव चव्हाण महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री झाले. मराठी घरांत त्याचा अभिमान होता, आमच्याही होता. पराभवाच्या चौकशीचा हेंडरसन ब्रूक्स आणि भगत यांचा अहवाल १९६३ साली तयार झाला. २ सप्टेंबर १९६३ रोजी चव्हाणांनी संसदेत त्याचा सारांश सांगितला. प्रशिक्षण, साधनसामग्री, नेतृत्व यांतल्या उणिवा मान्य केल्या. पण मूळ अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. २०१४ साली नेव्हिल मॅक्सवेल या पत्रकाराने त्याचा काही भाग इंटरनेटवर ठेवला, तेव्हा तो लोकांना पाहायला मिळाला. आजी तोवर कधीच गेली होती. पाटल्या दिल्याचे तिला दुःख नव्हते. ‘आपलं काय चुकलं, ते कोनं सांगितलं का?’ एवढेच ती अधूनमधून विचारी.

कृपलानींचे आरोप बऱ्याच अंशी खरे ठरले. १९६३ साली ते अमरोह्याच्या पोटनिवडणुकीत निवडून आले आणि त्याच वर्षी लोकसभेतला पहिला अविश्वासाचा ठराव त्यांनी मांडला. मेनन १९६७ साली मुंबईतूनच अपक्ष उभे राहून पडले. म्हणजे मतदाराने हिशोब केला; पण किंमत चुकवून झाल्यावर केला. परराष्ट्रधोरणाच्या दाव्यातली खरी अडचण ही आहे. संत्र्याला अमुक भाव मिळाला, असे कोणी सौंसरच्या बाजारात उभे राहून खोटे सांगितले, तर बागवाला तिथेच हसेल. सीमेपलीकडच्या गोष्टीवर हसायला बागवाल्याजवळ काही नसते. तिथले कागद ज्याच्या हाती, तोच दावेदार आणि तोच साक्षीदार.

२०२३ च्या ऑक्टोबरपासून पांढुर्णा आणि सौंसर मिळून आपला स्वतंत्र जिल्हा झाला आहे. निवडणूक आली की सभा होतात, भाषणे हिंदीत होतात, आणि जगात आपल्या देशाचा दबदबा किती, याची वाक्ये त्यांत असतात. कोणत्याही पक्षाची असोत. मी त्यांतले प्रत्येक वाक्य आजोबांसारखे मनात मराठीत म्हणून पाहतो. मोठ्या शब्दाच्या जागी साधा शब्द घातला की पुष्कळदा वाक्यात काय उरले ते दिसते. मग पाहतो की हा दावा गोव्यासारखा आहे की अक्साई चीनसारखा. तिथे आपले कोणी आहे का, आणि नसेल तर बोलणारा कोणत्या जुन्या खऱ्या गोष्टीच्या पतीवर ही नवी गोष्ट उधार मागतो आहे. उत्तर मिळतेच असे नाही. पण काकांचे मत प्रामाणिक होते आणि आजीच्या पाटल्या खऱ्या होत्या. त्या दोघांसाठी एवढे विचारणे मला भाग वाटते.