भोरघाटाची चढण

पुण्याहून मुंबईस जातांना खंडाळ्यापुढें प्रवासी खिडकीपाशीं सरकतात, ते धबधबे पाहावयास. जरा रुळांकडेहि पाहावें. लोखंडी चाक लोखंडी रुळास फार थोडें धरून राहतें; बैलगाडी जो चढ रमतगमत चढते तेथें आगगाडी घसरूं लागते. अशा वाहनास पळसदरीपासून लोणावळ्यापर्यंत १८३१ फूट वर न्यावयाचें होतें. जी. आय. पी. रेल्वेचे मुख्य इंजिनियर जेम्स बर्कली यांनीं ही उंची सुमारें १६ मैलांवर पसरली. सर्वांत कठीण चढ ३७ फुटांस १ फूट. वाटेंत बोगदे २५.

एके ठिकाणीं तर डोंगराची सोंड इतकी अरुंद कीं, गाडी वळविण्यास जागाच नाहीं. तेथें गाडी सरळ एका बंद फांट्यावर जाई, इंजिन सोडून तिच्या शेपटाकडे जोडीत, आणि ती दुसऱ्या रुळानें उलट दिशेस चढूं लागे. लमाण घाटाच्या वळणावर बैल फिरवितो; येथें बैल न फिरवितां जूंच या टोकाचें त्या टोकास नेलें! ही अदलाबदल १९२९ पर्यंत चालली.

युक्ति बर्कलींची, पण काळा पाषाण फोडला तो हातांनीं. डायनामाइटचा शोध १८६७ चा. म्हणून हातोड्यानें भोकें पाडून त्यांत साधी दारू ठासीत. उभ्या कड्यावर सुरुंग लावणारे मजूर दोरांनीं लोंबकळत. १८६१ सालीं येथें ४२,००० माणसें राबत होतीं. पटकीनें व अपघातांनीं किती दगावलीं, याचा खात्रीचा आंकडा कोणीं दिलेला नाहीं. बोगदे मात्र मोजलेले आहेत.

१८५९ च्या आरंभीं मजुरी थकली म्हणून दंगा झाला. सरकारनें चौकशी केली आणि १८६० सालीं कायदा झाला. त्यानें मॅजिस्ट्रेटास मजुरीच्या तंट्यांचा झटपट निकाल करण्याचा अधिकार दिला खरा. परंतु करार मोडून काम सोडणारा मजूर त्याच कायद्यानें गुन्हेगार ठरला. मजुरी बुडविणारा मुकादम व उपाशी पळून जाणारा बेलदार यांना एकाच तागडींत तोलण्याची ही रीत मला तरी न्यायाची वाटत नाहीं.

पहिला कंत्राटदार फेव्हिएल १८५९ सालींच बाजूस झाला. त्याच्या जागीं आलेला सॉलोमन ट्रेडवेल थोड्याच दिवसांत वारला, आणि त्याच्या विधवेनें, अ‍ॅलिस ट्रेडवेल हिनें, कंत्राट न सोडतां दोन जाणत्या व्यवस्थापकांकरवीं तें तडीस नेलें. २१ एप्रिल १८६३ रोजीं गव्हर्नर फ्रियर यांच्या हस्तें घाटाचें उद्‌घाटन झालें. बर्कली आदल्या वर्षींच निवर्तले होते.