बारा फोटो, दोन आगी आणि एक मेजर

मागच्या वर्षी प्रोजेक्टच्या कृपेने तीन महिने लंडनला जायचा योग आला. बॅगेत थालीपीठाची भाजणी, शेंगदाण्याची चटणी आणि प्रेशर कुकर हे नेहमीचे यशस्वी कलाकार होतेच. शिवाय या वेळी आजोबांचा आग्फा क्लिक थ्री घेतला. हा कॅमेरा म्हणजे काळा डबा. बडोद्याला बनायचा, एकेकाळी मध्यमवर्गीय घरांतून हमखास दिसायचा. लिव्हरवर सूर्याचं आणि ढगाचं चित्र. ऊन असेल तर सूर्य, नसेल तर ढग. संपलं मॅन्युअल! १२० नंबरचा रोल, त्यात फक्त बारा फोटो. मागच्या लाल खिडकीतून नंबर बघत रोल हाताने पुढे सरकवायचा. विसरलात तर एकावर एक दोन फोटो. कॅमेरा तुम्हाला 'आर यू शुअर?' वगैरे विचारत नाही.

रोल लंडनलाच घेतला. रोलचे आणि धुण्याचे पैसे ऐकल्यावर ठरवलं की बटण दाबायच्या आधी दहा वेळा विचार करायचा. थेम्सच्या पुलावर एक, लाल बसचा एक, पावसात छत्र्या घेऊन पळणाऱ्या लोकांचा एक (ढग!). असे आठ गेले. उरलेले चार मात्र मी एका रिकाम्या जिन्यासाठी राखून ठेवले होते.

हा जिना दक्षिण लंडनमधल्या क्रिस्टल पॅलेस पार्कमध्ये आहे. १८५१ च्या जागतिक प्रदर्शनासाठी हाइड पार्कमध्ये लोखंड आणि काचेचा एक प्रचंड महाल बांधला होता. प्रदर्शन संपल्यावर तो उचलून सिडनहॅमच्या टेकडीवर नेला आणि १८५४ मध्ये पुन्हा उघडला. आज तिथे महाल नाही. गच्च्या आहेत, पायऱ्या आहेत, दगडी स्फिंक्स आहेत आणि मागे टीव्हीचा उंच मनोरा. लोक कुत्री फिरवायला येतात. मी तिथे गेलो ते एका आपल्याकडच्या माणसासाठी. म्हणजे होता तो लंडनचाच, पण आयुष्य काढलं अजिंठ्यात.

मेजर रॉबर्ट गिल. आमच्या संभाजीनगरात (२०२३ पर्यंतचं औरंगाबाद) हे नाव निघालं की लगेच पारोची गोष्ट निघते. अजिंठा गावात पारोची कबर आहे, त्यावर १८५६ साल आहे. ना. धों. महानोरांनी त्यावर 'अजिंठा' हे दीर्घकाव्य लिहिलं, २०१२ मध्ये नितीन देसाईंचा सिनेमाही आला. पण गिलने नक्की काम काय केलं, ते आमच्यापैकी फार कमी लोकांना माहीत असतं. मलाही नव्हतं.

अजिंठ्याची लेणी १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस पडली. पुढे जेम्स फर्ग्युसनने ओरड केली की इथली चित्रं झपाट्याने खराब होतायत, निदान नकला तरी करून ठेवा. त्यावरून १८४४ मध्ये कंपनी सरकारने (ती कंपनी, आपली नव्हे) मद्रासच्या फौजेतल्या गिलला कामावर नेमलं. काम काय, तर भिंतीवरची चित्रं कॅनव्हासवर तैलरंगात उतरवायची. हा गडी अजिंठा गावातल्या बारादरीत राहिला आणि वर्षानुवर्षं रंगवत बसला. वटवाघळं, अंधार, ताप आणि जंगल, सगळं सोबतीला.

तयार झालेले कॅनव्हास लंडनला रवाना होत आणि बहुतेक सगळे याच क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगले गेले. ३० डिसेंबर १८६६ ला महालाच्या उत्तरेकडच्या भागाला आग लागली. गिलची चित्रं जळाली. जी मोजकी चित्रं तिथे नव्हती तेवढी वाचली. जळालेला तो भाग परत कधी बांधलाच नाही, आणि १९३६ मध्ये उरलेला महालही जळाला.

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. बॅकअप घेतला, छान. पण त्याची एकच प्रत, तीही एकाच इमारतीत. आमच्याकडे कुणी असं डिझाइन आणलं तर रिव्ह्यूमध्येच हाणून पाडतील.

आणि गंमत पुढेच आहे. १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी पुन्हा अजिंठ्याला बसले. पुन्हा वर्षानुवर्षं मेहनत. पुन्हा कॅनव्हास लंडनला. १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या म्युझियममध्ये आग लागली आणि त्यातलेही बरेच जळाले! शिकणं नावाची गोष्ट मोठ्या संस्थांना तेव्हाही जड जात असावी.

आता फोटोंकडे वळू. गिलने १८५० च्या दशकात कॅमेरा हातात घेतला. माझ्या डब्याला बारा फोटोंची मर्यादा म्हणून मी कुरकुरत होतो. त्याच्या काळात काचेवर कलोडियन ओतायचं, ती काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत अंधारात डेव्हलप करायचा. वाघूर नदीच्या त्या घळीत, आपल्याकडच्या उन्हात! त्यातून त्याचा कॅमेरा स्टिरिओ. डोळ्यांसारखी दोन भिंगं, शेजारी शेजारी दोन फोटो. ते खास चष्म्यातून पाहिले की लेणं समोर खोल दिसतं.

मग चित्रांचेच फोटो काढून प्रश्न का सुटला नाही? कारण ती काच निळा प्रकाश पटकन पकडायची, लाल जवळजवळ दिसायचाच नाही. आणि अजिंठ्याच्या भिंतींवर गेरू आणि पिवळी माती भरपूर. म्हणजे जिथे रंगांची बहार, तिथे फोटोत काळोख. म्हणून गिलच्या फोटोंत जास्त करून दिसतात त्या दर्शनी कमानी, खांब, दगड. १८६४ मध्ये लंडनला त्याची दोन पुस्तकं निघाली, मजकूर फर्ग्युसनचा. एकात ७४ फोटो, दुसऱ्यात १०० स्टिरिओ चित्रं. पुस्तक म्हटलं की प्रती अनेक, ठिकाणं अनेक. वीसेक वर्षं घासून काढलेली रंगीत चित्रं राख झाली आणि बाजूला म्हणून काढलेले दगडांचे फोटो मात्र टिकले.

एक गोष्ट मला जास्त बोचते. नकला करणाऱ्यांनी चित्रं नीट दिसावीत म्हणून भिंतींवर वॉर्निश फासलं. पुढे ते पिवळं, काळपट झालं आणि मूळ चित्रं आणखी झाकोळली. म्हणजे बॅकअप घेताना मूळ डेटाच खराब केला, आणि बॅकअप जळाला. हे दुष्टपणे नाही, प्रेमापोटी झालं, म्हणून रागही धड काढता येत नाही. गिल १८७९ मध्ये गेला, त्याची कबर भुसावळला आहे. आगीची बातमी त्याला कशी वाटली असेल, याचा विचार करत मी त्या जिन्यावर बराच वेळ बसलो.

मग चार फोटो काढले. त्यातला एक मी रोल सरकवायला विसरल्यामुळे दुसऱ्यावर बसला. स्फिंक्सच्या पोटातून पायऱ्या जातात. आजीला व्हिडिओ कॉलवर दाखवले तर म्हणाली, "अरे, एवढ्या लांब जाऊन मोकळा जिना कसला काढलास? माणसं नव्हती का तिकडे?"

मी विचारलं, "आजी, आजोबांचे रोल कुठे आहेत गं?"

"असतील माळ्यावर, ट्रंकेत."

दिवाळीत घरी आल्यावर ट्रंक उतरवली. पाणचक्की, गुलमंडी, भडकल गेट, आजोबांनी याच डब्याने काढलेलं जुनं गाव. माळ्यावर ओल होती. निम्म्याहून जास्त निगेटिव्ह एकमेकींना चिकटून पापडासारख्या झाल्या होत्या. प्रिंट कधी काढलेच नव्हते, पैसे लागतात म्हणून. क्रिस्टल पॅलेसला हसणाऱ्याच्या स्वतःच्या घरात, एकच प्रत, एकाच ट्रंकेत.

सुटल्या त्या एकोणीस स्कॅन केल्या. एक प्रत पुण्यात माझ्याकडे, एक नाशिकला आत्याकडे, एक क्लाउडवर, आणि प्रिंट आजीच्या उशाखाली. त्यातल्या एका फोटोत गुलमंडीवर सायकल धरून उभी असलेली बाई आजीच आहे, हे तिनेच सांगितलं. तो फोटो तिने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

असो. तुमच्याही माळ्यावर अशी एखादी ट्रंक असेल. या रविवारी उतरवाच.