एकच कलम, एकच आरोपी, दोन न्यायमूर्ती

निगडीच्या टिळक चौकात कंपनीच्या बसची वाट बघत उभा असताना परवा जोरदार वाद झाला. कुठल्याशा गंभीर गुन्ह्यातल्या आरोपीला जामीन मिळाल्याची बातमी होती. "म्हणजे सुटलाच की!" असं आमच्यातल्या एकाचं मत. मी म्हटलं, अरे बाबा, जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे. पण मग कोर्ट ठरवतं कसं, यावर मलाही धड बोलता येईना. शनिवारी त्याच चौकाचं नाव असलेल्या माणसाचे दोन खटले उघडून बसलो.

२२ जून १८९७ ला पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. झाडणारे आपल्या शेजारच्या चिंचवडचे चापेकर बंधू, पण हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. सरकार चवताळलेलं. २७ जुलैला टिळकांना मुंबईत अटक झाली ती मात्र 'केसरी'तल्या मजकुरासाठी. कलम १२४ अ, राजद्रोह, शिक्षा जन्मठेप काळ्या पाण्यापर्यंत.

मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला. हायकोर्टात पार्सन्स आणि रानडे (होय, आपले न्यायमूर्ती रानडेच!) यांच्यापुढे अर्ज गेला, तिथेही नकार. मग खटला सेशन्सकडे सोपवल्यावर ४ ऑगस्टला न्या. बद्रुद्दीन तय्यबजींपुढे पुन्हा अर्ज. टिळकांतर्फे उभे होते बॅरिस्टर दिनशा दावर. हे नाव लक्षात ठेवा.

तेव्हाच्या फौजदारी संहितेत हायकोर्टाला कुठल्याही प्रकरणात जामीन देता येईल असं कलम ४९८ होतं. पण कधी द्यायचा, याचं सूत्र त्यात नव्हतं. तय्यबजींनी मुख्य प्रश्न धरला तो एवढाच, की हा माणूस खटल्याला हजर राहील का? टिळक पळून जातील असं कुणालाच वाटत नव्हतं. उलट आत ठेवलं तर बचावाची तयारी होणार नाही, आणि महिनाभर तुरुंगात काढून शेवटी तो निर्दोष ठरला तर तो न्याय कसला? जामीन मंजूर. शेठ द्वारकादास धरमसी यांच्यासारखी माणसं जामीन राहिली.

आता अकरा वर्षं पुढे. मुझफ्फरपूरच्या बाँबनंतर लिहिलेल्या अग्रलेखांवरून २४ जून १९०८ ला टिळकांना पुन्हा अटक. कलम तेच. संहिता १८९८ ची नवी, पण जामिनाचं कलम तेच ४९८. २ जुलैला अर्ज घेऊन उभे राहिले तरुण बॅरिस्टर महंमद अली जिना. त्यांनी तय्यबजींच्या निकालाचा दाखला दिला, टिळकांच्या मधुमेहाचंही सांगितलं. आणि समोर न्यायासनावर कोण? दिनशा दावर!! अकरा वर्षांपूर्वी ज्यांनी हाच जामीन मिळवून दिला होता तेच.

दावरांनी अर्ज फेटाळला. कारणं न देणंच शहाणपणाचं, असं म्हणून.

आमच्या धंद्यात इनपुट तेच असून आउटपुट बदललं तर आम्ही बग शोधतो. इथे अगदी तसं म्हणता येणार नाही. बाँब फुटले होते, काळ वेगळा होता, आणि न्यायाधीशाने वकिलाच्या भूमिकेतला युक्तिवाद आयुष्यभर वाहावा असंही नाही. नकार एकवेळ समजू शकतो. पण कारणच सांगितलं नाही तर तो बरोबर होता की चूक, हे तपासायचं कसं? मला खटकतं ते हे.

आज भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आहे, १ जुलै २०२४ पासून. हायकोर्टाचा आणि सेशन्सचा हा अधिकार आता कलम ४८३ मध्ये. आरोपी पळेल का, साक्षीदारांना धमकावेल का, पुरावा प्रथमदर्शनी किती भक्कम, गुन्हा किती गंभीर... हे सगळं बघतात. पण कशाला किती वजन द्यायचं, ते अजूनही न्यायाधीशाच्या हातात. म्हणून बातमीत "जामीन फेटाळला" एवढंच असतं तेव्हा मी हल्ली खाली कारण शोधतो.

आणि हो, १८९७ मध्ये पुढे काय झालं? नऊ जणांच्या ज्यूरीने सहा विरुद्ध तीन असं दोषी ठरवलं, दीड वर्षं सक्तमजुरी झाली. १९०८ ला सहा वर्षं मंडाले. दोन्ही वेळा शिक्षा चुकली नाहीच. पण ८ सप्टेंबर १८९७ ला खटला उभा राहिला, तेव्हा पाच आठवडे बाहेर असलेले टिळक ठरल्याप्रमाणे कोर्टात हजर होते.