भल्या माणसांची जमीन

आयर्लंडच्या शेतांत गवताने झाकलेले मातीचे गोल बांध जागोजागी दिसतात. पुरातत्त्वज्ञ त्यांना रिंगफोर्ट म्हणतात. इसवी सन ५०० ते १०००च्या सुमारास शेतकरी कुटुंबं त्यांच्या आत घरं बांधून राहत. पुढच्या पिढ्यांच्या लेखी मात्र तिथं फेअरींचा वास होता, आणि त्यांना अदबीने ‘भली माणसं’ म्हणायची रीत होती. अशा सुमारे ४५ हजार जागांची नोंद झाली आहे. ज्या देशात वीतभर जमिनीवरून वैर धरलं जाई, तिथं इतके बांध नांगराविना राहिले याचं बरंचसं श्रेय भीतीलाच द्यावं लागतं. आयरिश लोककथा आयोगाने १९३७ ते १९३९ या काळात शाळकरी मुलांकडून घरच्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी लिहवून घेतल्या. बांध फोडला आणि गुरं दगावली, फांदी तोडली आणि हात लुळा पडला, असं त्यांत पुन्हा पुन्हा येतं. कथेपेक्षा ती ताकीदच अधिक.

यंत्रं नव्हती म्हणून बांध वाचले, असं कुणी म्हणेल. बुलडोझर आल्यावर पुष्कळ बांध सपाट झाले, हे खरंच. पण शेतातलं एकटं हॉथॉर्नचं झाडही फेअरींचं मानलं जाई. ते पाडायला एक कुऱ्हाड पुरते, तरी अशी झाडंही राखली गेली. १९९९ साली क्लेअर परगण्यात लाटून इथं असं एक झुडूप नव्या रस्त्याच्या आड आलं. कथाकार एडी लेनिहान यांनी जाहीर विरोध केला आणि ते वाचलं.

दुसरा आक्षेप जड आहे. १८९५च्या मार्चमध्ये टिपरेरी परगण्यातल्या बॅलीवॅडली इथं ब्रिजेट क्लेअरी आजारी पडली. ती शिवणकाम करून स्वतः कमावणारी बाई. ही आपली बायको नव्हे, फेअरींनी तिच्या जागी ठेवलेली दुसरीच कुणी आहे, असं म्हणत नवरा मायकेलने तिला जाळलं. डॉक्टर आणि पाद्री दोघंही त्या आठवड्यात घरी येऊन गेले होते, आप्त तर घरातच होते. जमीन राखणारी श्रद्धा इथं बाईच्या जिवावर उठली. फरक कुठं पडला? शेतात ही भीती कुदळ उचलणाऱ्याचाच हात धरत होती. घरात बळी कोण हे नवरा ठरवत होता, आणि भीतीचं ओझं तिच्यावर पडत होतं. विलायतेतल्या काही वृत्तपत्रांनी या प्रकरणावरून आयरिश लोक स्वराज्याला नालायक असल्याचा निष्कर्ष काढला, तो सोयीचा होता. न्यायालयाने मायकेलला खुनाबद्दल नव्हे, सदोष मनुष्यवधाबद्दल २० वर्षांची सक्तमजुरी दिली. त्यातली १५ भोगून तो १९१०मध्ये सुटला.