जिथं बोलायला बंदी होती



आजची गोष्ट ऑस्ट्रेलियातली. सिडनीजवळच्या पॅरामाटा इथं १८८७ ते १९७४ पर्यंत मुलींची सरकारी सुधारशाळा होती. तिथं कोण यायच्या? कुणी घरातून पळालेली, कुणी शाळा बुडवणारी, कुणी घरातच अत्याचार सोसलेली. आईबापांपासून तोडून आणलेल्या आदिवासी मुलीही होत्या. कित्येकींच्या कागदावर एकच शेरा असायचा: 'नैतिक धोक्यात.' म्हणजे धोका दुसऱ्याचा आणि कोंडायचं पोरीला!

१९६१ साली मुली चिडल्या, छपरावर चढल्या, दंगा झाला. मग सरकारनं 'हे' नावाच्या लांबच्या गावी जुन्या तुरुंगात आणखी कडक जागा उघडली. ऐकत नाही ती पोर तिकडं. तिथं मान खाली घालून चालायचं, कुणाच्या डोळ्यांत बघायचं नाही. बोलायची मुभा दिवसातून काही मिनिटं, तीही लांब उभं राहून. नुसतं कष्टाचं काम असतं तर सोसलं असतं, पण शेजारणीशी शब्द नाही म्हणजे जीव आतल्या आत सुकतो.

एवढा धाक मैत्रीचाच होता. दोघी बोलल्या, की दोघींना कळतं: चूक माझी नाही.

तरी पोरी हरल्या नाहीत. पॅरामाटाच्या लाकडी दारांवर त्यांनी चार इंग्रजी अक्षरं कोरून ठेवली: आय, एल, डब्ल्यू, ए. जिवापाड प्रेमाची ती त्यांची आपसातली खूण होती.

१९७४ ला दोन्ही ठिकाणं बंद झाली. पण बाहेर आलेल्या कित्येक जणी वर्षानुवर्षं गप्प राहिल्या. नवऱ्याला नाही, लेकरांना नाही. शेवटी २००६ साली बॉनी ज्यूरिक या तिथल्याच एका बाईनं जुन्या सोबतिणी जमवल्या. पुढच्या वर्षी काही जणी 'हे'च्या त्याच तुरुंगात पुन्हा भेटल्या, या वेळी मान वर करून, मोठ्यानं बोलत. २०१४ साली सरकारी चौकशी आयोगापुढं बायकांनी मारहाण आणि लैंगिक अत्याचार उघड सांगितले. एकटीला 'वाईट पोर' म्हणून गप्प केलं होतं. एकीनं बोलल्या तेव्हा देशाला ऐकावं लागलं.

बायांनो, आपल्या गटाच्या बैठकीत कोपऱ्यात गप्प बसणारी एखादी असतेच. हिशेब झाला की लगेच उठू नका. तिच्याशेजारी घडीभर बसा.