खाली गेलेली नजर

मराठीत लाजेचं घर डोळ्यांत आहे. आपण नजर चुकवतो, मान खाली घालतो, चारचौघांत तोंड दाखवायला जागा उरली नाही म्हणतो. त्यामुळे डोळे हलवून मनाचा घाव बरा करण्याच्या उपचाराबद्दल मी पहिल्यांदा वाचलं, तेव्हा आधी हसू आलं आणि मग कुतूहल वाटलं.

या उपचाराला सगळे ईएमडीआर म्हणतात. त्याच्या जनक फ्रान्सिन शपिरो मूळच्या इंग्रजी साहित्याच्या अभ्यासक. न्यूयॉर्कमध्ये थॉमस हार्डीच्या कवितेवर प्रबंध लिहीत असताना, १९७९च्या सुमारास, त्यांना कर्करोगाचं निदान झालं. कविता मागे पडली आणि त्या मानसशास्त्राकडे वळल्या. (कवितेचं नुकसान झालं, पण तक्रार करवत नाही.) १९८७मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका बागेत फिरताना त्यांच्या ध्यानात आलं की, छळणारा विचार बोथट होतोय आणि त्याच वेळी आपले डोळे भराभर इकडून तिकडे हलताहेत. ही हकीकत त्यांनीच सांगितलेली. १९८९मध्ये त्यांनी २२ जणांवरच्या प्रयोगाचा निबंध प्रसिद्ध केला. त्यात युद्धावरून परतलेले सैनिक होते, अत्याचार सोसलेली माणसं होती.

अशा माणसांकडे जगाने आधी कसं पाहिलं, हे इथे आठवायला हवं. पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्याने थरथरणाऱ्या, मुक्या झालेल्या सैनिकांसाठी १९१५मध्ये 'शेल शॉक' हा शब्द वैद्यकीय नियतकालिकात आला. तरी त्याच युद्धात पळून जाणं, भित्रेपणा अशा आरोपांखाली ब्रिटिश सैन्याने स्वतःच्याच शेकडो सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यांतल्या ३०६ जणांना माफी मिळाली ती २००६मध्ये! मधली नव्वद वर्षं कित्येक घरांनी त्या मुलाचं नाव काढणंही टाळलं. पुढे व्हिएतनामहून परतलेल्यांनी आग्रह धरला आणि १९८०मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत आघातोत्तर विकाराला स्वतंत्र जागा मिळाली. रोगाचं मूळ माणसाच्या भेकड स्वभावात नसून त्याच्यावर गुदरलेल्या प्रसंगात आहे, हे कागदावर तरी मान्य झालं.

मनातून मात्र ते सहज जात नाही. अत्याचार झालेली बाई म्हणते, मीच घाणेरडी. भूकंपातून वाचलेला बाप म्हणतो, मी पोराचा हात सोडला. ईएमडीआरमध्ये उपचारक नेमकं हेच वाक्य पकडतात. तो प्रसंग मनात आणा, त्यासोबत स्वतःविषयी येणारं वाक्य आणा, अंगात कुठे आवळतंय ते पाहा, आणि माझ्या हलत्या बोटांमागे नजर फिरवा. अर्धा-एक मिनिट. मग विचारतात, काय आलं? जे आलं तिथून पुन्हा पुढे. त्रास शून्य ते दहा या पट्टीवर मोजतात. तो उतरला की स्वतःविषयीचं दुसरं वाक्य मनात रुजवतात: त्या वेळी मला जे शक्य होतं ते मी केलं. त्याआधी बरीच तयारी लागते, म्हणून घरी कुणी बोट फिरवून पाहू नये.

टीका व्हायची ती झालीच. १९९९मध्ये रिचर्ड मॅक्नॅली यांनी या उपचाराची तुलना अठराव्या शतकातल्या मेस्मरच्या चुंबकविद्येशी केली. मेस्मरची चौकशी १७८४मध्ये फ्रँकलिन आणि लव्हाझिए यांच्या समितीने करून ती निकालात काढली होती. ईएमडीआरचं तसं झालं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३मध्ये आघातोत्तर विकारासाठी त्याची शिफारस केली. आपल्याकडे २००१च्या कच्छच्या भूकंपानंतरही तो वापरला गेला. डोळ्यांच्या हालचालीने नेमकं काय होतं, यावर मात्र तज्ज्ञ अजून भांडतात. एक स्पष्टीकरण मला पटतं. मनाची एका वेळी धरून ठेवण्याची ताकद मर्यादित असते. नजर बोटामागे गुंतली की आठवणीला पुरी जागा मिळत नाही, ती फिकट होते आणि तशीच फिकट परत साठवली जाते.

पण माझ्या लेखी या उपचारातली मोठी गोष्ट बोटांची नाहीच. फ्रॉइडपासून मनाचा डॉक्टर म्हणजे ज्याला सगळं सांगायचं तो. आणि लाजेचं दुखणं असं की, सांगणं हीच दुसरी शिक्षा. पोलिसांपुढे सांगा, कोर्टात सांगा, सासरी सांगा. किती बायका या एका भीतीने दवाखान्याची पायरी चढत नाहीत! ईएमडीआरमध्ये प्रसंगाचा तपशील उपचारकाला सांगावाच लागतो असं नाही. तो मनात धरला तरी चालतो. 'काय आलं?' या प्रश्नाला 'थोडं हललं' एवढं उत्तर दिलं तरी उपचारक पुढचं काही खोदत नाहीत. बोटं पुन्हा फिरू लागतात, आणि समोरच्या बाईला नजर वर करून त्यांच्याकडे पाहावंच लागतं.